जळकं तांबं

पान पडलं ते भर दुपारी, प्रयोग नसताना. नाट्यगृहात शिरल्यावर समोर जो रुंद जिना लागतो, त्याच्या वर छताला बाबांनी घडवलेली तांब्याची फांदी टांगलेली आहे. तिच्या शेंड्याकडचं एक पान देठापाशी चिरलं आणि खाली आलं. तिकीट खिडकीवर बसणारी बाई हातात डबा घेऊन जिना चढत होती. पान तिच्या खांद्याला चाटून गेलं. बाही फाटली, थोडं रक्त आलं. चार बोटं इकडे असतं तर मान होती, असं तिनेच मला नंतर सांगितलं. वर हसून म्हणाली, इतकी वर्षं नाट्यगृहात काढली पण कुणी काम दिलं नाही, निदान मरायची तरी भूमिका मिळाली असती.

तिच्या हसण्याची मला जास्त लाज वाटली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

बाबांना जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. त्यांच्या कामाच्या चपला अजून दाराशी होत्या. आई रोज त्या उचलून केर काढायची आणि परत तिथेच ठेवायची.

बाबा पत्र्याचं काम करत. बादल्या, नरसाळी, पेट्या, धुराडी, छपराच्या पन्हळी. ज्या वस्तू वापरताना त्या कुणी केल्या असा प्रश्न माणसाला पडत नाही, त्या सगळ्या. ते डावखुरे होते आणि बाजारात त्यांना डावखुरा याच नावाने ओळखत. घराचा पत्ता विचारताना कुणी त्यांचं खरं नाव घेतलं तर शेजारीसुद्धा डोकं खाजवत. ते खरं नाव आयुष्यात एकाच ठिकाणी लिहिलं गेलं, जिन्याच्या भिंतीवरच्या पितळी पाटीवर. पाटी लागली त्या दिवशी बाबा तिच्यासमोर उभे राहिले आणि आईला म्हणाले, कुणी मोठा माणूस दिसतोय.

पानांचा नाद त्यांना उतारवयात लागला. तांब्याच्या पत्र्याची मधोमध घडी घालायची. घडीची बंद कड ऐरणीवर धरून तिच्यावर हातोडी चालवायची. ठोके पडतात तिथे तांबं पसरतं आणि सरळ घडी हळूहळू विळ्यासारखी वाकते. पण ठोकलेलं तांबं ताठर होत जातं, तसंच ठोकत राहिलं तर चिरतं. म्हणून मध्येच ते ज्योतीवर धरायचं, मंद लाली चढली की पाण्यात बुडवायचं. की पुन्हा मऊ. असं करत करत शेवटी घडी बोटांनी उलगडायची. आत पान तयार असतं, मधली शीर उठलेली, कडा वळलेल्या. उलगडेपर्यंत ते कसं निघणार हे करणाऱ्यालाही नक्की ठाऊक नसतं. बाबा उलगडताना श्वास रोखून धरत, आणि शेजारी बसलेले चिमटाकाका विचारत, दादा, मुलगा की मुलगी?

चिमटाकाका माझे सख्खे काका नव्हेत. बाबांचे भागीदार. मागच्या खिशात सदा चिमटा खोचलेला, म्हणून ते नाव. बोलणंही त्याच जातीचं. फांदीची पानं या दोघांनी मिळून केली होती, निम्मी यांनी, निम्मी त्यांनी, आणि पाटीवर नाव बाबांचं असावं हा हट्ट काकांचा होता.

नाट्यगृहाच्या व्यवस्थापक बाईंचा फोन आला तेव्हा त्या फार सौजन्याने बोलल्या. कच्ची निघतील ती पानं उतरवायची, आणि दोघांपैकी ज्याच्या हातची ती असतील त्याला पुन्हा इमारतीत कामाला बोलवायचं नाही, असं समितीने ठरवलं होतं. तुमच्या वडिलांचा प्रश्नच येत नाही, असंही त्या लगेच म्हणाल्या. फक्त त्यांच्या सहकाऱ्याला घेऊन मी एकदा यावं, कारण कुठलं पान कुणाचं हे त्यांना कळणार नव्हतं.

पडलेलं पान मी आधीच जाऊन घेऊन आले होते. घरी खिडकीत धरून बघितलं. उजव्या हाताने चालवलेल्या हातोडीचे ठसे एकीकडे कलतात, डाव्या हाताने चालवलेल्याचे दुसरीकडे. पत्रेवाल्याच्या घरात वाढलेल्या पोराला हे शिकवावं लागत नाही. पानावरचे ठसे बाबांचे होते. आणि त्याची त्वचा खरबरीत होती, संत्र्याच्या सालीसारखी. बाबांच्या कामाला अशी साल मी कधी बघितली नव्हती. मी ते वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि आईला दिसणार नाही असं कपाटात कपड्यांखाली ठेवलं. त्यांची वस्तू मी लपवून ठेवते आहे, हे ठेवून झाल्यावर लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते घेऊन कामाच्या खोलीवर गेले. काका एकटेच होते, कुठल्यातरी धुराड्याची कड वळवत होते. मी कागद सोडला. त्यांनी पान हातात घेतलंसुद्धा नाही. नुसतं बघितलं आणि मी काही विचारायच्या आत म्हणाले, "माझं आहे ते."

मी पान उलटं करून ठशांवर बोट ठेवलं.

काकांनी हातोडी खाली ठेवली. मग बराच वेळ हात पुसत राहिले. माझी मुलगी असतीस तर तुला कधीच या खोलीत येऊ दिलं नसतं, म्हणाले, पोरींना नको ते दिसतं.

पुढचं त्यांनी तुटक तुटक सांगितलं, माझ्याकडे न बघता. तापवायच्या कोपऱ्यातल्या खिडकीला पहिल्यापासून गोणपाट लावलेलं असे. तांब्याची मंद लाली अंधारातच दिसते, उजेडात ती कळत नाही. गेल्या वर्षी एके दिवशी बाबांनी ते गोणपाट काढून टाकलं. काकांनी विचारलं तर म्हणाले, अंधारात जीव गुदमरतो. काकांना वाटलं, वय झालं, असेल. मग एकदा त्यांनी बघितलं की हातोडी समोर असताना बाबा ऐरणीवर तळवा फिरवून ती शोधत होते.

डोळे जात चालले होते. ठोका कुठे पडतोय हे दिसायला त्यांना उजेड लागत होता, आणि उजेड केला की लाली दिसत नव्हती.

"मग वाट बघत बसायचे," काका म्हणाले. "ज्योतीवर धरून, आता लाल होईल, आता होईल. आणि ते कधीच होऊन गेलेलं असायचं."

जास्त तापलेलं तांबं जळतं. वरून मऊच वाटतं, छान उलगडतं, पण त्याचे कण आतून सुटे झालेले असतात. मग कधीतरी, थंडी-उन्हात, टाळ्यांच्या हादऱ्याने, ते चिरतं.

तुम्ही त्यांना सांगितलं का नाहीत, असं मी विचारलं नाही. माझ्या चेहऱ्यावर ते असावं. काका म्हणाले, काय सांगणार, दादा, तुम्ही आंधळे झालात? ज्याने मला हातोडी धरायला शिकवली त्याला? दिसतील तेवढी जळकी पानं काका गुपचूप मोडीत टाकत आणि त्या जागी आपली करून ठेवत. तर बाबा त्यांच्या आधी कामावर यायला लागले. काही पानं निसटली. फांदी टांगली त्या दिवशी दिव्यांच्या झोतात काकांना त्यांची साल खालून स्पष्ट दिसली. सगळे टाळ्या वाजवत होते आणि बाबा मधोमध उभे होते.

"तेव्हा मी तोंड उघडलं नाही. म्हणजे चूक माझीच झाली ना? मग मी खोटं काय बोलतोय?" ते म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरी. माझं नाव कुठल्या भिंतीवर आहे? माझं काय पुसणार आहेत?"

मी हो म्हटलं. विचार करायला वेळ मागितला नाही, आढेवेढे घेतले नाहीत. त्यांनी मागावं आणि मी द्यावं असं ते नव्हतंच. मलाच ते हवं होतं, आणि ते त्यांनी बोलून दाखवलं म्हणून मी सुटले होते.

नाट्यगृहात व्यवस्थापक बाई होत्या, समितीचे एक निवृत्त गृहस्थ होते, दिव्यांचं काम बघणारा माणूस शिडीचा उंच घोडा घेऊन उभा होता. तिकीटवाली बाई खांद्याला पट्टी बांधून एका बाजूला थांबली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण आपल्यावर पडलेल्या पानाची चौकशी आपल्याशिवाय कशी होईल, असं तिचं म्हणणं होतं, आणि ते बरोबरच होतं.

काका घोड्यावर चढले. या वयात त्यांनी चढू नये असं बाई म्हणाल्या, तर म्हणाले, पानं माझं वय बघून थांबणार नाहीत, ती आपण होऊन खाली यायच्या आत मी वर जाऊन येतो. एकेका पानावर ते बोटाचं पेर मारत गेले. चांगलं पान खणखणत होतं. जळकं पान तडा गेलेल्या कपासारखं बद्द वाजत होतं. तशा पानावर ते खडूने रेघ ओढत. मी खाली उभी राहून ऐकत होते. बराच वेळ सगळी पानं खणखणली आणि मला वाटलं, एखादंच असेल. मग शेंड्याकडे गेल्यावर बद्द, बद्द, पुन्हा बद्द. शेवटी केलेली पानं शेंड्याला लावली होती.

खाली उतरल्यावर काकांनी हात झटकले आणि सांगितलं की रेघ ओढलेली सगळी त्यांच्या हातची आहेत.

समितीच्या गृहस्थांना जणू हेच ऐकायचं होतं. ते ओरडले वगैरे नाहीत. शांतपणे म्हणाले, उस्तादाच्या सावलीत बसलं म्हणून कुणी उस्ताद होत नाही. त्या माणसाने विश्वासाने तुम्हाला निम्मं काम दिलं, त्याच्या नावाचा तरी विचार करायचा. बाईंनी काकांना बाजूच्या दाराने बाहेर जाऊन थांबायला सांगितलं. दिव्यांच्या माणसाने घोडा त्यांच्यापासून जरा लांब ओढून घेतला, का कोण जाणे.

मी तेव्हाही गप्प होते. हे सगळं होणार हे आम्हाला ठाऊक होतं. काकांनी मान डोलावली आणि निघाले. पण जाता जाता ते तिकीटवाल्या बाईसमोर थांबले. मान खाली घालून म्हणाले, "ताई, माफ करा. माझ्या हातून झालं." ती गडबडली, म्हणाली, जाऊ द्या हो काका, खरचटलंय नुसतं.

ती माफी बाबांची होती. ते ती मागू शकत नव्हते, म्हणजे ती माझ्याकडे आली होती, आणि मी ती दुसऱ्याला मागू दिली होती.

"ती पानं बाबांची आहेत," मी म्हटलं.

व्यवस्थापक बाई हळूच म्हणाल्या, तुम्ही दुःखात आहात. मी कागदातून पान काढलं. ठसे दाखवले. डावा हात, उजवा हात, कोणता कुठे कलतो. मग साल दाखवली. मग डोळ्यांचं सांगितलं, गोणपाटाचं सांगितलं. मला माझाच आवाज ऐकू येत होता, वर्गात शिकवते तसा, स्वच्छ, मुद्देसूद. बाबांचं आंधळेपण मी चार परक्या माणसांना समजावून देत होते, आणि ते नीट समजावं म्हणून उदाहरणं देत होते. त्यांनी ते आईपासून लपवलं होतं. माझ्यापासून लपवलं होतं. ते लपवायला किती कष्ट पडले असतील. मला थांबता आलं नाही.

काका दारात उभे होते. ते माझ्याकडे बघत नव्हते. बुटांकडे बघत होते.

समितीच्या गृहस्थांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. काकांना उद्देशून काही बोलावं असं त्यांना वाटत असावं, पण जमलं नाही. व्यवस्थापक बाईंनी भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती काढायला सांगतील.

"पाटी राहू दे," त्या म्हणाल्या. "असू दे, त्याने काय होतंय."

दारात आलेल्याला जुना कपडा देताना जसं म्हणतात तसं. पाटी काढली असती तर मी भांडले असते. हे मी आभार मानून घेतलं.

रेघा ओढलेली पानं काकांनीच उतरवली. मी खाली धरत होते. त्यांनी एकेक करून सगळी माझ्या हातात दिली, आणि घोड्यावरून उतरल्यावर बाईंनी विचारलं की रिकाम्या जागी ते नवी पानं करून देतील का. काकांच्या हातची चालतील, असं त्या अजिजीने म्हणाल्या. काका म्हणाले, नाही. ती फांदी दादांची आहे, जशी आहे तशी राहील.

बाहेर रस्त्यावर आल्यावर मी त्यांच्या मागे मागे चालत राहिले. पानांची पिशवी माझ्या हातात होती, तिच्यातून दर पावलाला तो बद्द आवाज येत होता. कोपऱ्यावर ते थांबले.

"माझ्यासाठी बोललीस असं मनात आणू नकोस," ते म्हणाले. "मला सहन होत होतं."

मी म्हटलं, मला होत नव्हतं.

"तेच म्हणतोय." मग त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. मोडीत घालतो म्हणाले. मला एक पान ठेवून घ्यायचं होतं. मागायचं धाडस झालं नाही.

आईला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा बरं, असं मनाशी ठरवून. ती भांडी पुसत होती. डोळ्यांचं ऐकून तिचा हात थांबला नाही. तिला माहीत होतं. चहा ओतताना ते कपाच्या काठाला बोट लावून ठेवायचे, बोटाला चटका बसला की थांबायचे. जिना उतरताना पायरी मोजायचे, पुटपुटत. ती विचारायची, काय पुटपुटताय, तर म्हणायचे, तुझ्या नावाने शंख करतोय. तिने कधी उघड केलं नाही. ते लपवत आहेत तर लपवू द्यावं, एवढंच तिला त्यांच्यासाठी करता येण्यासारखं होतं.

"मी वर्षभर न बघितल्यासारखं केलं," ती म्हणाली. "तू एका सकाळीत सगळ्यांना दाखवून आलीस."

मी म्हटलं, काका सगळ्यांसमोर शिव्या खात होते. ती म्हणाली, तो खात होता ना? त्याला खाऊ द्यायच्या. भाऊ होता तो यांचा.

पुस्तकांत सत्य बोलणाऱ्या माणसाला निदान रात्रीची झोप लागते. मी रोज उठून त्याच जागी येत होते: बोलले ते चूक, आणि बोलले नसते तर तेही चूक, आणि या दोन्हींच्या मध्ये बाबा, ऐरणीवर तळवा फिरवत. आई कामापुरतं बोलायची. मीठ दे. दार लाव. काका आले तर दारातूनच तिची विचारपूस करायचे आणि मी आतून बाहेर आले की त्यांना काहीतरी काम आठवायचं.

हंगामाचा पहिला प्रयोग होता तेव्हा नाट्यगृहातून दोन प्रवेशिका आल्या. मी त्या टेबलावर तशाच ठेवल्या. आई म्हणाली, जायचं. तिने इस्त्रीचे कपडे काढले, केस नीट बांधले. वाटेत आम्ही बोललो नाही.

आत गर्दी होती. जिन्यावर लोक दुतर्फा उभे होते, बरेचसे वर बघत होते. पानं उतरवल्यानंतर मी फांदी पाहिली नव्हती. बुंध्याकडून पानं दाट सुरू होत होती, मग विरळ, आणि शेंड्याकडच्या डहाळ्या पार उघड्या. मला तिथे बघवेना. आई मात्र थांबली, मान मागे टाकून बघत राहिली. मागून येणारे लोक तिला वळसा घालून जात होते.

आमच्या शेजारी एक जोडपं उभं होतं. नवरा बायकोला समजावून सांगत होता. शेंडा कसा मुद्दाम रिकामा ठेवलाय बघ, म्हणाला. पानगळ सुरू झालेली आहे. फांदीला वय दिसायला हवं होतं म्हणून. सामान्य माणसाने शेवटपर्यंत पानं लावली असती. बायकोला ते फारसं पटलेलं दिसत नव्हतं. तिने आईकडे वळून विचारलं, तुम्हाला काय वाटतं, काकू, मुद्दाम केलं असेल का हो?

आईने तिच्याकडे बघितलं.

"हो," आई म्हणाली. "त्यांना तसंच हवं होतं."

तुमच्या ओळखीचे होते का, असं त्या बाईने आदराने विचारलं. आईने तोंड माझ्याकडे वळवलं. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच ती माझ्याकडे सरळ बघत होती, आणि थांबली होती, मी काय बोलते त्यासाठी. ते जोडपंही थांबलं होतं. नवऱ्याने भिंतीवरच्या पाटीवरचं नाव मोठ्याने वाचलं, चाचपडत, एकेक अक्षर.

"माझे वडील," मी म्हटलं. "हो. मुद्दाम केलंय."